लायगो-इंडियाचा लेसर : शक्तिवर्धनाचे शास्त्र आणि औंढ्याची भूमी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाच्या परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या, परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन निर्वात नळ्या, त्या नळ्यांच्या टोकांपाशी टांगलेले आरसे आणि त्या आरशांदरम्यान अखंड ये-जा करणारा लेसरचा प्रकाश ही तिची मुख्य अंगे असणार आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते कोनशिला बसली. काम पूर्ण करण्यासाठी २०३० हे वर्ष ठरवण्यात आले. पुण्याचे ‘आयुका’ म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे मुंबईस्थित बांधकाम संचालनालय या चार संस्थांनी कामाची वाटणी करून घेतली असून, त्यात लेसर व प्रकाशीय यंत्रणेचा भार इंदूरकडे, निर्वात व्यवस्थेचा गांधीनगरकडे, तर जागेची पारख आणि विदाविश्लेषण यांचा पुण्याकडे आहे. औंढ्यातील नागनाथाच्या मंदिराचा वरचा भाग इंदूरच्या होळकर घराण्यातील अहिल्याबाईंनी बांधून घेतला, असे परंपरा सांगते. त्या हिशेबाने औंढ्याच्या कामाला इंदूरचा हात लागण्याची ही पहिली वेळ नव्हे.

या वेधशाळेची माहिती देताना लेसरच्या शक्तीचा आकडा सर्वांत आधी सांगितला जातो आणि ती शक्ती वाढवणे म्हणजेच यंत्र सुधारणे, अशी समजूत त्यातून सहज रुजते. अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांचा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव मात्र याहून गुंतागुंतीचा आहे. तेथे शक्ती वाढवण्याच्या प्रत्येक पावलाने आरशांत, त्यांच्या टांगणीत, त्यांवरील लेपांत किंवा पाण्याच्या नळांतही नवी अडचण उभी केली, आणि ती दूर करण्यात लेसर मिळवण्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे गेली. शक्तिवर्धनाचा खरा विषय लेसरच्या पेटीबाहेर असतो, आणि औंढ्याच्या दृष्टीने तर तो मुख्यतः अशा गोष्टींत आहे ज्या एकदा बांधून झाल्यावर पुन्हा बदलता येत नाहीत, हे प्रतिपादन येथे मांडायचे आहे.

‘उच्च शक्तीचा लेसर’ हा शब्दप्रयोग दोन अगदी वेगळ्या यंत्रांना लावला जातो, म्हणून तो भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. इंदूरच्याच केंद्रात १५० टेरावॉट शक्तीचा आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १०० टेरावॉट शक्तीचा लेसर आहे. एक टेरावॉट म्हणजे एकावर बारा शून्ये इतके वॉट असले, तरी हे लेसर प्रकाशाचे स्पंद सोडतात आणि एकेक स्पंद सेकंदाच्या दहा लाख कोटींश भागाहूनही कमी काळ टिकतो, त्यामुळे त्यातील एकूण ऊर्जा अवघ्या काही जूल एवढीच असते. कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या केंद्रात १९२ लेसरकिरण एका इवल्या गोळीवर रोखले जातात आणि तेथे ५ डिसेंबर २०२२ रोजी २.०५ मेगाजूल लेसर-ऊर्जा देऊन अणुसंमीलनातून ३.१५ मेगाजूल ऊर्जा मिळाली. या सर्व यंत्रांत प्रकाश हा आघात करण्याचे साधन आहे. लायगोत तो मोजपट्टी आहे. तेथील लेसर स्पंद सोडत नाही, महिनोन्‌महिने अखंड तेवतो, त्याची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यातील असते आणि उगमापाशी त्याची शक्ती शंभर-दीडशे वॉटच्या घरातच असते. घरगुती इस्त्री याहून जास्त वीज खाते. असे असूनही या प्रकाशाची शक्ती वाढवणे हे टेरावॉटच्या लेसरइतकेच अवघड ठरते, याचे कारण त्याच्याकडून अपेक्षिलेल्या शुद्धतेत आहे.

गुरुत्वीय लहर म्हणजे अवकाशाच्याच मापात येणारा क्षणिक फरक होय. लहर यंत्रावरून जाताना एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते, आणि क्षणार्धात उलट होते. लेसरचा किरण एका अर्धपारदर्शक आरशावर दुभंगून दोन्ही भुजांत जातो, टोकांच्या आरशांवरून परततो आणि दोन्ही भाग पुन्हा एकत्र येतात. दोन्ही भुजांची लांबी विशिष्ट प्रकारे जुळवलेली असली की या दोन प्रकाशलहरी निर्गमद्वाराशी एकमेकींना पुसून टाकतात आणि तेथे जवळजवळ अंधार राहतो, तर लांबीत फरक पडला की त्या अंधारात प्रकाशाचा अल्पसा अंश दिसू लागतो. प्रकाशलहरींच्या अशा मिलाफाला व्यतिकरण आणि त्यावर चालणाऱ्या यंत्राला व्यतिकरणमापक म्हणतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील यंत्रांनी पहिली लहर टिपली, तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाएवढा होता. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने बाहेर पडले होते आणि ती घटना सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरची होती. ही वार्ता ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाली आणि भारतातील तत्त्वतः मान्यता त्यानंतर सहाव्या दिवशी आली, हा केवळ योगायोग नव्हता.

इतका सूक्ष्म फरक मोजण्यासाठी अधिक प्रकाश का लागतो, याचे उत्तर प्रकाश सुट्या कणांनी बनलेला आहे या वस्तुस्थितीत सापडते. या तरंगलांबीच्या एक वॉट प्रकाशात दर सेकंदाला सुमारे पाचावर अठरा शून्ये इतके प्रकाशकण असतात, पण ते समान अंतराने येत नाहीत, तर पावसाच्या थेंबांप्रमाणे कधी दाट कधी विरळ पडतात, आणि त्यामुळे निर्गमद्वाराशी दिसणारा प्रकाशाचा चढउतार भुजेच्या हालचालीचा की कणांच्या अनियमित आगमनाचा, हे सांगणे कठीण होते. या अनियमिततेला कणमोजणीचा गोंगाट म्हणता येईल. कणांची संख्या वाढली की हा गोंगाट एकूण संख्येच्या प्रमाणात कमी होतो, परंतु तो संख्येच्या वर्गमुळानुसार कमी होतो, म्हणजे लेसरची शक्ती चौपट केली तर यंत्राची नजर दुप्पटच तीक्ष्ण होते. शक्तिवर्धनाच्या सगळ्या अर्थकारणाच्या मुळाशी हे वर्गमूळ आहे.

शक्ती वाढवण्याचा एक मार्ग लेसर न बदलताही उपलब्ध असतो. प्रत्येक भुजेत दोन आरसे समोरासमोर ठेवले की प्रकाश त्यांच्यामध्ये कोंडला जातो, सुमारे तीनशे फेऱ्या मारतो आणि चार किलोमीटरची भुजा बाराशे किलोमीटरसारखी वागू लागते. याशिवाय यंत्रातून लेसरकडे परत निघालेला प्रकाश एका वेगळ्या आरशाने पुन्हा आत वळवला जातो. हा पुनर्वापराचा आरसा प्रकाश चाळीस ते पन्नास पटींनी आणि भुजांतील कोंडी सुमारे २७० पटींनी वाढवते, त्यामुळे आत शिरणाऱ्या साठ वॉट प्रकाशातून प्रत्येक भुजेत साडेतीनशे ते चारशे किलोवॉट शक्ती फिरत राहते. वीज फुकट मिळाल्यासारखे हे वाटते, पण ऊर्जा येथे निर्माण होत नाही. बाहेर पडू न शकलेला प्रकाश फक्त साठत जातो, आणि हा साठा टिकवण्याची अट अशी की आरशांनी जवळजवळ काहीही शोषता कामा नये आणि काहीही इतस्ततः उधळता कामा नये.

आता प्रत्यक्ष इतिहास पाहता येईल. २००२ ते २०१० या काळात चाललेल्या पहिल्या लायगोत दहा वॉटचा लेसर होता. त्या कालखंडाच्या अखेरीस ३५ वॉटचा बसवला गेला. या नऊ वर्षांत एकही लहर सापडली नाही. त्यानंतर यंत्र जवळजवळ पूर्ण उचकटून प्रगत लायगोची उभारणी झाली आणि त्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे २०० वॉटचा लेसर तयार करण्यात आला, ज्यात दोन वॉटचा अत्यंत स्थिर बीज-लेसर, त्याला ३५ वॉटपर्यंत नेणारा वर्धक आणि अखेरीस पूर्ण शक्ती देणारा दोलक अशी तीन टप्प्यांची मांडणी होती. आराखड्यानुसार १२५ वॉट प्रकाश व्यतिकरणमापकात जायचा होता आणि भुजांत साडेसातशे किलोवॉटच्या आसपास शक्ती साठायची होती. २०१५ मध्ये पहिली लहर सापडली तेव्हा मात्र आत केवळ वीस-बावीस वॉट जात होते आणि भुजांत शंभर किलोवॉट होते. नोबेल पारितोषिकापर्यंत नेणारा शोध आराखड्यातील शक्तीच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर लागला, ही गोष्ट माहितीपत्रकांत फारशी ठळक छापली जात नाही, पण यंत्राच्या स्वभावाविषयी ती बरेच काही सांगते.

पुढच्या, म्हणजे दुसऱ्या, निरीक्षण-सत्रात हॅनफर्ड येथे शक्ती पन्नास वॉटपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला. त्यासाठी अखेरचा उच्चशक्ती दोलक चालू करावा लागला, दोलक तापू नये म्हणून त्यातून भरपूर पाणी खेळवावे लागले आणि त्या वाहत्या पाण्याच्या थरथरीने लेसरचा किरण अत्यल्प डुलू लागला. ही डुलकी इतकी सूक्ष्म होती की दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत ती लक्षातही आली नसती, परंतु येथे तिने वाढीव शक्तीचा लाभ बराचसा खाऊन टाकला. तिसऱ्या सत्राच्या आधी तो दोलक काढून टाकण्यात आला आणि त्याच्या जागी कमी पाण्यावर भागणारा, सत्तर वॉटचा साधा वर्धक बसवण्यात आला, चौथ्या सत्रासाठी असे दोन वर्धक एकापुढे एक जोडले गेले. दोनशे वॉटचा भव्य आराखडा सोडून सत्तर वॉटच्या शांत यंत्राकडे वळणे ही वरवर माघार दिसते. प्रत्यक्षात याच बदलानंतर भुजांतील शक्ती शंभर किलोवॉटवरून दोनशेच्या पुढे गेली.

त्याहून अवघड प्रश्न आरशांचा होता. प्रगत लायगोचा आरसा म्हणजे वितळवून घडवलेल्या शुद्ध सिलिकेचा ३४ सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर जाडीचा आणि ४० किलो वजनाचा ठोकळा असतो. तो चार टप्प्यांच्या लोलकाच्या तळाशी, ०.४ मिलिमीटर जाडीच्या सिलिकेच्याच तंतूंनी टांगलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावरील परावर्तक लेप फ्रान्समधील ल्यों येथे चढवले जातात आणि पडलेल्या प्रकाशाच्या दहा लाख भागांपैकी अर्ध्या भागाएवढेही ते शोषत नाहीत. पण चारशे किलोवॉटचा अर्धा दशलक्षांश म्हणजे ०.२ वॉट होतो आणि निर्वातात टांगलेल्या काचेच्या मध्यभागी मुरणारी इतकीशी उष्णतादेखील पृष्ठभागाला फुगवटा आणते, काचेचा अपवर्तनांक बदलते आणि आरशाला नको असलेले भिंग बनवते. यावर तोड म्हणून आरशाच्या कडेभोवती तापवता येणारे कडे बसवले आहे आणि भुजेच्या प्रवेशाशी असलेल्या आरशांमागील काचेवर कार्बन डायऑक्साइड लेसरने हवी तेथे ऊब दिली जाते, म्हणजे मुख्य लेसरने मध्यभागी केलेला बिघाड दुसऱ्या उष्णतेने समतोल केला जातो. ही उपाययोजना उष्णता सर्वत्र सारखी पसरली असेल तर चालते. काही लेपांत मात्र मायक्रोमीटरमध्ये मोजावे लागतील असे ठिपके आढळले, जे शेजारच्या पृष्ठभागाहून कितीतरी जास्त प्रकाश शोषत होते आणि त्या ठिकाणी उठणारी बारीक टेंगळे साठलेला प्रकाश भलत्याच दिशांना उधळत होती. शक्ती वाढवावी तर टेंगूळ वाढावे, टेंगूळ वाढले की गळती वाढावी आणि गळतीमुळे साठा पुन्हा खाली यावा, अशी ती कोंडी होती. हॅनफर्डचा असा एक आरसा दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रांच्या दरम्यान बदलावा लागला. चौथ्या सत्राच्या आरंभी तेथे ७५ वॉट आत सोडून पाहिले गेले आणि पुढे ते ६० वॉटवर आणले गेले, त्याने यंत्राची स्थिती सुधारली. शक्ती कमी करून यंत्र सुधारण्याचा हा प्रसंग शक्तिवर्धनाच्या कोणत्याही चर्चेत अग्रभागी असायला हवा.

प्रकाश आरशाला केवळ तापवत नाही, तो त्याला ढकलतोही. चारशे किलोवॉट प्रकाश परावर्तित होताना आरशावर पडणारा दाब दोन गुंजांच्या वजनाहून थोडासाच अधिक असतो. चाळीस किलोच्या ठोकळ्यापुढे तो नगण्य वाटेल, परंतु आरसा जेथे प्रोटॉनच्या व्यासाहूनही लहान हालचालीपासून मुक्त ठेवायचा आहे तेथे दोन गुंजांचा धक्का मोठा ठरतो. त्यातून दोन वेगळे परिणाम निघतात. रशियन भौतिकशास्त्रज्ञ ब्रागिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पहिल्याचे भाकीत केले होते. प्रत्येक घन वस्तूप्रमाणे आरसाही विशिष्ट स्वरांत कंप पावतो. त्या कंपामुळे भुजेतील प्रकाशाचा आकार किंचित बदलतो, बदललेला प्रकाश आरशाला त्याच स्वराच्या तालात ढकलतो, त्यामुळे कंप आणखी वाढतो आणि साठलेली शक्ती एका मर्यादेपलीकडे गेली की हे चक्र अनावर होऊन यंत्राची जुळणी काही मिनिटांत मोडते. लिव्हिंग्स्टन येथे हे भाकीत सेकंदाला सुमारे पंधरा हजार कंपनांच्या स्वरावर प्रत्यक्ष उतरले. आधी कडेचे तापक वापरून आरशांचा आकार थोडा बदलण्यात आला, ज्यामुळे प्रकाश आणि काच यांचे स्वर जुळेनासे झाले, आणि पुढे आरशांच्या बाजूंना लहानसे दाबविद्युत तुकडे चिकटवून कंपाची ऊर्जा त्यांतून जिरवण्यात आली.

दुसरा परिणाम अधिक मूलभूत आहे आणि तो कोणत्याही तुकड्याने जिरत नाही. प्रकाशकण अनियमित येतात म्हणून त्यांचा धक्काही अनियमित असतो आणि शक्ती वाढली की हा धक्क्यांचा गोंगाट वाढतो. मोजणीचा गोंगाट वरच्या स्वरांत त्रास देतो, धक्क्यांचा गोंगाट खालच्या स्वरांत. एकाला दाबण्यासाठी शक्ती वाढवली की दुसरा डोके वर काढतो, आणि या दोहोंमधील सर्वोत्तम तडजोडीला पुंजभौतिकीने घालून दिलेली मर्यादा मानले जात असे. आरसे जड करणे हा एक उपाय होता, म्हणूनच पहिल्या लायगोतील सुमारे अकरा किलोचे आरसे जाऊन चाळीस किलोचे आले. दुसरा उपाय अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ कार्लटन केव्ह्ज यांनी १९८१ मध्येच सुचवला होता. प्रकाशाच्या दोन गुणांतील अनिश्चितता एकत्रितपणे ठरावीक मापाखाली आणता येत नसली, तरी एकीतील अनिश्चितता कमी करून दुसरीत वाढवता येते. अशा आकुंचित केलेल्या प्रकाशाची झुळूक निर्गमद्वारातून आत सोडली की मोजणीचा गोंगाट घटतो. तिसऱ्या सत्रापासून, म्हणजे एप्रिल २०१९ पासून, लायगोत हा प्रकाश नियमित वापरला जाऊ लागला. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या सत्रात तीनशे मीटर लांबीची आणखी एक प्रकाशकोंडी जोडून अशी सोय करण्यात आली की वरच्या स्वरांत मोजणीचा आणि खालच्या स्वरांत धक्क्यांचा असे दोन्ही गोंगाट आकुंचित होतील. लिव्हिंग्स्टन येथे वरच्या स्वरांतील गोंगाट यामुळे जवळजवळ निम्मा झाला. वर्गमुळाचा नियम ध्यानात घेतला तर हाच लाभ नुसत्या लेसरने मिळवण्यासाठी शक्ती चौपट करावी लागली असती आणि तीही आरसे एक अंशही न तापवता. प्रगत लायगोतील सर्वांत यशस्वी शक्तिवर्धन हे अशा रीतीने शक्ती न वाढवता झालेले आहे.

या सगळ्या खटाटोपाचे फळ एका तुलनेत स्वच्छ दिसते. १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेली लहर २०१५ च्या पहिल्या लहरीची जणू जुळी बहीण होती, कारण कृष्णविवरांची वस्तुमाने आणि अंतर दोन्ही जवळपास तेवढीच होती. पण गोंगाटाच्या तुलनेत ती सुमारे तिप्पट स्पष्ट ऐकू आली. त्या स्पष्टतेमुळे दोन गोष्टी तपासता आल्या. विलीनीकरणानंतर कृष्णविवराच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ घटत नाही हे हॉकिंग यांचे विधान पडताळता आले आणि नव्या कृष्णविवराच्या विरत जाणाऱ्या नादातील एकाहून अधिक स्वर वेगळे ओळखता आले. हा विरणारा नाद १९७० मध्ये प्रथम गणिताने दाखवून दिला तो बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी, आणि गोंगाटात बुडालेली लहर आधी गणलेल्या नमुन्यांशी ताडून शोधण्याच्या पद्धतीचा पाया घालण्यात ‘आयुका’तील संजीव धुरंधर यांचा आणि लहरींचे अचूक आकार गणण्यात बाला अय्यर यांचा वाटा होता. भारतीयांनी या शास्त्रात कागदावरचे काम यंत्र उभे राहण्याच्या फार आधीपासून केले आहे, उणीव यंत्राची होती.

ते यंत्र भारतात येण्याची कथाही शक्तिवर्धनाशीच निगडित आहे. प्रगत लायगोसाठी तीन व्यतिकरणमापकांचे साहित्य तयार होत होते, त्यांपैकी दोन हॅनफर्डलाच बसायचे होते. एकाच जागी दोन यंत्रे ठेवण्यापेक्षा तिसरे दूर नेले तर लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली हे कितीतरी नेमके सांगता येईल, या विचाराने ते आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केले गेले आणि २०११ मध्ये तेथे पैशाची तजवीज न झाल्यावर भारताचे नाव पुढे आले. दूरच्या तिसऱ्या यंत्राचा उपयोग १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या वेळी दिसून आला. केवळ दोन लायगोंच्या आधारे आकाशाचा सुमारे १९० चौरस अंशांचा पट्टा शोधावा लागला असता, इटलीतील व्हर्गो यंत्र जोडल्यावर तो २८ चौरस अंशांवर आला आणि दुर्बिणींना टकरीची जागा काही तासांत सापडली. भारताची अंतिम मंजुरी मात्र २०१६ पासून २०२३ पर्यंत अडून राहिली. या विलंबाचे समर्थन करता येत नाही. तरी त्याचा एक परिणाम असा झाला की औंढ्याला २०१५ चे यंत्र न मिळता आकुंचित प्रकाश आणि सुधारित लेप यांचा समावेश असलेली पुढची आवृत्ती मिळेल. हॅनफर्डने पाण्याच्या नळांपासून आरशांवरील ठिपक्यांपर्यंत जे धडे गिरवले ते येथे आयते उपलब्ध असतील. आयत्या धड्यांचा धोकाही आहे. ज्या तंत्रज्ञांनी दोलक काढून वर्धक बसवताना रात्री जागवल्या, त्यांना यंत्राचा स्वभाव हाताने कळला आहे आणि तो केवळ पुस्तिकांतून औंढ्यापर्यंत पोहोचणार नाही.

लेसर, आरसे, टांगण्या, इलेक्ट्रॉनिकी हे सगळे दर काही वर्षांनी बदलले जाणारच आहे. निर्वात नळी आणि जमीन मात्र बदलता येत नाहीत. अमेरिकेतील नळ्या १९९० च्या दशकात बसल्या आणि पहिल्या दहा वॉटच्या लेसरपासून आजवरच्या प्रत्येक पिढीने त्याच नळ्या वापरल्या. सुमारे सव्वा मीटर व्यासाची आणि अवघ्या तीन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची ती नळी जोडल्यावर कित्येक आठवडे तापवून धातूत मुरलेली वाफ बाहेर काढावी लागली. दोन्ही भुजा मिळून दहा हजार घनमीटर अवकाश असा निर्वात करावा लागतो की उरलेल्या वायूचा दाब वातावरणाच्या लाख कोटींश भागाच्या जवळपास असावा. चार किलोमीटरच्या अंतरात पृथ्वीची वक्रता सव्वा मीटर भरते, तर प्रकाश सरळ रेषेतच जातो, म्हणून नळीखालची जमीन निसर्गाच्या उतारावर न सोडता मुद्दाम सरळ रेषेत आणावी लागते. शक्ती जसजशी वाढेल तसतसा आरशांवरून उधळलेला प्रकाशही वाढेल, तो नळीच्या थरथरत्या भिंतीवर आपटून परत किरणात मिसळला तर नवा गोंगाट निर्माण करील, आणि तो अडवणारे आतील पडदे नळी बंद होण्यापूर्वीच योग्य जागी बसलेले असावे लागतील. आज गांधीनगरला वितळजोडाच्या एखाद्या शिवणीबद्दल घेतलेला निर्णय अशा लेसरसाठी आहे ज्याचा आराखडा अजून कुणी काढलेला नाही.

जमिनीबाबत औंढ्याची निवड विचारपूर्वक झाली आहे. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटून जमिनीत जी मंद थरथर उत्पन्न करतात तिचा जोर दोन्ही समुद्रांपासून दूर असलेल्या मराठवाड्यात कमी पडतो, दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आधार भक्कम आहे आणि मोठी शहरे व अवजड उद्योग लांब आहेत. तरीही ही भूमी पूर्ण निश्चल नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे आवाज आणि धक्के लोकांच्या परिचयाचे आहेत आणि २०२४ मध्ये २१ मार्च व १० जुलै या दोन्ही दिवशी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप नोंदला गेला. अशा धक्क्याने यंत्र मोडत नाही. आरशांची जुळणी सुटते आणि ती पुन्हा साधेपर्यंत निरीक्षण थांबते. भुजांत शक्ती जितकी जास्त तितकी ही पुनर्जुळणी अवघड असते, कारण तापलेल्या आरशांचा आकार आणि थंड आरशांचा आकार वेगळा असतो आणि यंत्राला एका स्थितीतून दुसरीत सावकाश न्यावे लागते. रोजच्या त्रासाचा उगम मात्र भूकंपाहून माणसाच्या हालचालींत अधिक असतो. लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला आसपासची झाडतोड आणि जवळून जाणारी रेल्वे जाणवते, हॅनफर्डला वारा जाणवतो. औंढ्याच्या आसपास खडी फोडण्याच्या खाणी कोठे असाव्यात, जड वाहनांचा रस्ता कोणत्या बाजूने न्यावा आणि प्रकल्पामुळेच वाढणारी वस्ती किती अंतरावर थोपवावी, हे निर्णय लेसर-तज्ज्ञांच्या हातात नसून जिल्हा प्रशासन आणि ग्रामपंचायती यांच्या हातात आहेत. वॉटच्या प्रत्येक वाढीव आकड्याचे मोल या निर्णयांनी ठरेल.

पुढच्या टप्प्याची रूपरेषा आताच मांडली गेली आहे. चाळीस किलोच्या जागी शंभर किलोचे आरसे, भुजांत दीड मेगावॉट म्हणजे आजच्या सुमारे चौपट शक्ती आणि आजच्याहून अधिक आकुंचित प्रकाश असे तिचे स्वरूप असून, त्या शक्तीला आरशावरील दाब एक ग्रॅमच्या वजनापर्यंत जाईल. औंढ्याची दालने, निर्वात टाक्या आणि आरसे उचलण्याची व्यवस्था चाळीस किलोच्या हिशेबाने आखावी की शंभर किलोच्या, हा प्रश्न म्हणूनच पुढच्या पिढीवर सोपवता येणार नाही. पहिल्या काही वर्षांत औंढ्याचे यंत्र वीस-पंचवीस वॉटवरच चालले, तर त्यात उणेपण मानण्याचे कारण नसेल. २०१५ चे यंत्र तेवढ्यावरच चालत होते, आणि चौथ्या सत्रात साठ वॉटच्या आसपास चाललेली अमेरिकेतील दोन्ही यंत्रे आराखड्यातील साडेसातशे किलोवॉटच्या निम्म्या टप्प्यापर्यंतच आली होती.